पद्मिनीच्या हेडला टॉर्क किती? आकडा शोधायचा कसा आणि वापरायचा कसा

प्रश्न थोडक्यात असा आहे: वडिलांची १९७८ ची प्रीमियर पद्मिनी, गाडी पुण्यातच. इंजिन उघडलंय, हेड (सिलिंडरवरचं झाकण) फेस करून, म्हणजे सपाट घासून आणलंय. हेडचे बोल्ट किती टॉर्कला, म्हणजे किती पिळाच्या जोराने, आवळायचे हे शोधलं तर तीन ठिकाणी तीन आकडे मिळाले. मिस्त्री म्हणतात, "साहेब, हाताला कळतं, आकडा कशाला?" मग खरा आकडा कुठला, आणि गाडीतल्या बाकीच्या शेकडो बोल्टांचं काय करायचं?

हेडचा आकडा मी इथे मुद्दामच लिहीत नाही. लिहिला तर तुमच्याकडे तिनाचे चार आकडे होतील, एवढाच फायदा. टॉर्कचा आकडा गाडीचा नसतो, एका ठरावीक बोल्टचा असतो: त्याचा व्यास, आट्यांचा पिच (दोन आट्यांमधलं अंतर), पोलादाची प्रत, आटे कोरडे की तेलकट, आणि तो बोल्ट कशात रुततोय. यातलं एक बदललं की आकडा बदलला. त्यामुळे ज्या आकड्यासोबत ही माहिती नाही, तो कितीही मोठ्या माणसाने सांगितलेला असो, हेडवर वापरू नका.

आधी एक सोपी शक्यता तपासा. तुमचे तीन आकडे कदाचित एकच असतील. समजा एका ठिकाणी ६.५ लिहिलंय, दुसरीकडे ४७ आणि तिसरीकडे ६४. हे तिन्ही सारखेच आहेत: ६.५ किलोग्रॅम-मीटर, ४७ फूट-पाउंड, ६४ न्यूटन-मीटर. (हे उदाहरण आहे हो, तुमच्या हेडचा आकडा नव्हे.) १ किलोग्रॅम-मीटर म्हणजे ९.८१ न्यूटन-मीटर किंवा ७.२३ फूट-पाउंड, १ फूट-पाउंड म्हणजे १.३६ न्यूटन-मीटर. त्या काळच्या फियाटच्या (पद्मिनी म्हणजे मुळात फियाटचीच ११००) पुस्तकांत तर किलोग्रॅम-मिलिमीटरमध्येही आकडे असतात, म्हणजे तिथे हाच टॉर्क ६,५०० असा दिसेल. जपानी पुस्तकांत किलोग्रॅम-सेंटिमीटर, इंग्रजी आणि अमेरिकन पुस्तकांत छोट्या बोल्टांना इंच-पाउंड. १२ इंच-पाउंडांचा एक फूट-पाउंड होतो. इंच-पाउंड हे फूट-पाउंड समजून पाना फिरवला तर सहा मिलिमीटरचा बोल्ट हातात येतो, आणि उरलेला अर्धा आत राहतो.

एककं जुळवूनही आकडे वेगळे राहिले, तर पुस्तक कुठल्या इंजिनाचं आहे ते बघा. फियाटवाले नेमके इथेच फसतात. आपल्याकडे कुर्ल्याला प्रीमियरने बनवलेल्या ११००डी आणि पुढे पद्मिनीत १०८९ सीसीचं इंजिन. इटलीत मात्र १९६२ साली आलेल्या ११००डी मध्ये १२२१ सीसीचं इंजिन होतं. १०८९ तिकडे परत आलं ते १९६६ च्या ११००आर मध्ये. म्हणजे वर '११००डी' छापलेलं अस्सल इटालियन मॅन्युअल तुम्ही हौसेने मागवलंत, तरी त्यातलं इंजिनाचं प्रकरण तुमच्या गाडीचं नाही. ११८एनई असेल तर त्यात निस्सानचं ए१२ इंजिन, म्हणजे बॉडी फियाट १२४ ची आणि इंजिनाचं पुस्तक निस्सानचं. अँबॅसडरवाल्यांचंही तेच: सुरुवातीला साइड व्हॉल्व्ह, मग १४८९ सीसीचं बी-सिरीज, पुढे १८१७ सीसीचं इसुझू. 'अँबॅसडरचा हेड टॉर्क' या प्रश्नाला एक उत्तर असूच शकत नाही. इंजिन नंबर आणि प्रकार ब्लॉकवर वाचा, मग पुस्तक शोधा.

पुस्तक म्हणजे कंपनीचं वर्कशॉप मॅन्युअल. गाडीबरोबर मिळणाऱ्या ओनर्स हँडबुकात टायरची हवा आणि टॅपेटचा गॅप (व्हॉल्व्हची फट) मिळेल, मेन बेअरिंगचा, म्हणजे क्रँकशाफ्ट पेलणाऱ्या बेअरिंगचा, टॉर्क नाही. पुण्यात हे शोधायची माझी पद्धत अशी: अप्पा बळवंत चौकातल्या जुन्या पुस्तकवाल्यांकडे सांगून ठेवायचं, बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात चक्कर टाकायची, आणि नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या जुन्या दुकानांत मालकाच्या वडिलांना विचारायचं. मुलाला विचारून उपयोग नाही, तो 'ऑनलाइन बघा' म्हणतो. सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे एकेकाळच्या अधिकृत सर्व्हिस स्टेशनमधून निवृत्त झालेले मिस्त्री. त्यांच्याकडे तेलाचे डाग पडलेलं मॅन्युअल आणि त्यात खोचलेली कंपनीची सर्क्युलरं असतात. ती सर्क्युलरं मूळ पुस्तकाइतकीच मोलाची, कारण गॅस्केटचा प्रकार किंवा बोल्टची प्रत मध्येच बदलली की नवा आकडा त्यातूनच यायचा. मूळ पुस्तक कुणी देणार नाही. तक्त्याच्या पानांचे आणि मुखपृष्ठाचे फोटो काढून घ्या. मुखपृष्ठ अशासाठी, की आवृत्ती आणि साल त्यावर असतं. पार्ट्स कॅटलॉग मिळाला तर तोही घ्या. त्यात टॉर्क नसतो, पण प्रत्येक बोल्टचं माप असतं, आणि तुमच्या गाडीत आज जो बोल्ट आहे तो मूळचाच आहे का हे त्यावरून कळतं. पंचेचाळीस-पन्नास वर्षांच्या गाडीत निम्मे बोल्ट 'बसला ना, मग ठीक' या तत्त्वावर बसवलेले असतात.

आता तक्ता वाचायचा कसा. फियाटच्या जुन्या तक्त्यात जागा, आट्यांचं माप आणि टॉर्क यांच्याबरोबर मटेरियलचा एक रकाना असतो: आर ८०, आर १०० वगैरे. हा आकडा म्हणजे त्या पोलादाची ताण सोसण्याची ताकद, चौरस मिलिमीटरला किती किलो. आर ८० हा आजच्या ८.८ च्या (बोल्टच्या डोक्यावर कोरलेली ताकदीची प्रत) जवळपास. जुन्या जर्मन बोल्टांवर ८जी दिसेल, तोही ८.८, १०के म्हणजे १०.९. तक्त्यात आर १०० असेल आणि तुम्ही ८.८ चा नवा बोल्ट लावून तक्त्यातला टॉर्क दिलात, तर तो बोल्ट पहिल्याच दिवशी लांबायला लागेल. लोक टॉर्कचा रकाना पाहतात, मटेरियलचा पाहत नाहीत.

थोडं गणित करू, कारण त्याशिवाय तेलाचा मुद्दा पटत नाही. बोल्ट आवळतो तेव्हा आपल्याला हवा असतो तो बोल्टमधला ताण, म्हणजे दोन भाग किती जोराने एकमेकांवर दाबले गेले ते. टॉर्क पाना (लावलेला आकडा आला की टक् करणारा) तो मोजत नाही. तुम्ही लावलेल्या जोरातला साधारण निम्मा डोक्याखालच्या घर्षणात जातो, आणखी चाळीस टक्के आट्यांच्या घर्षणात, आणि जेमतेम दहा टक्के बोल्ट ताणायला उरतो. सूत्र साधं आहे: टॉर्क = घर्षणाचा गुणांक × व्यास × ताण. गुणांक कोरड्या आट्यांना साधारण ०.२, तेल लावलेल्यांना ०.१५.

दहा मिलिमीटरचा, १.५ पिचचा ८.८ चा बोल्ट घ्या. त्याचं ताण घेणारं क्षेत्रफळ ५८ चौरस मिलिमीटर, आणि कायमचा न लांबता तो सोसू शकतो ५८० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर, म्हणजे सुमारे ३३,६०० न्यूटन. रिवाजाप्रमाणे त्याच्या ७५ टक्के, म्हणजे सुमारे २५,००० न्यूटन वापरायचे. कोरड्या आट्यांना ०.२ × ०.०१ × २५,००० = ५० न्यूटन-मीटर. तेल लावलेल्यांना तोच ताण मिळायला ३८ पुरतात. आता कोरड्याचा ५० हा आकडा तेल लावलेल्या बोल्टवर वापरला तर? ताण होतो सुमारे ३३,३००, म्हणजे थेट हद्दीवर. पाना बरोबर, आकडा बरोबर, आणि बोल्ट मेला. मॉलिब्डेनमचं ग्रीस लावलं तर गुणांक आणखी खाली जातो.

म्हणून मॅन्युअलच्या प्रस्तावनेत आटे कोरडे गृहीत धरलेत की तेलाचे, हे शोधा. बहुतेक वेळा ते तक्त्याखाली बारीक अक्षरात किंवा त्या त्या प्रकरणात 'ऑइल लावून बसवा' अशा ओझरत्या वाक्यात दडलेलं असतं. चाकाचे नट मात्र कोरडेच. तिथे ग्रीस लावायची सवय आपल्याकडे फार आहे, ती मोडा.

पुस्तकात सगळ्या बोल्टांचा टॉर्क नसतोच. मडगार्डचे, डायनामोच्या ब्रॅकेटचे, रेडिएटरचे बोल्ट कुणी तक्त्यात घालत नाही. तिथे सर्वसाधारण आकडे चालतात: ८.८ च्या बोल्टला कोरड्या आट्यांवर सहा मिलिमीटरला १० न्यूटन-मीटर, आठला २५, दहाला ४५ ते ५०, बाराला ८० ते ८५. अट एकच, बोल्ट पोलादात किंवा पोलादी नटात जात असला पाहिजे. फियाटच्या या इंजिनाला हेड ॲल्युमिनियमचं आहे. ॲल्युमिनियममध्ये कापलेल्या आट्यांत बोल्टची ताकद गौण, आट्यांची महत्त्वाची, म्हणून वरचे आकडे तिथे चालत नाहीत. बोल्ट निदान व्यासाच्या दुप्पट खोल गेला पाहिजे, आणि आटे आधीच दमलेले असतील तर कमी टॉर्कने 'सांभाळून' बसवण्यापेक्षा सरळ हेलिकॉइल (नव्या आट्यांची तारेची गुंडाळी) टाकून घ्या. १४ मिलिमीटरच्या वॉशरवाल्या प्लगला ॲल्युमिनियम हेडमध्ये २५ ते ३० न्यूटन-मीटर, आटे कोरडे. टॉर्क पाना आत पोचत नसेल तर हाताने टेकेपर्यंत फिरवा, मग नवा प्लग असेल तर अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा.

तुमची गाडी मेट्रिक, त्यामुळे एक डोकेदुखी वाचली. अँबॅसडर किंवा जीपवाल्यांनी आधी आट्यांचा गेज घ्यावा. अडीच सुताचा बोल्ट, म्हणजे ५/१६ इंच, भरतो ७.९४ मिलिमीटर. कॅलिपरने मापून कुणीही म्हणेल 'आठचा आहे'. पण त्याला युनिफाइड फाइनमध्ये इंचाला २४ आटे, बीएसएफ आणि व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश आट्यांत अनुक्रमे २२ आणि १८, आणि आठच्या मेट्रिकला १.२५ पिच, म्हणजे इंचाला वीसच्या आसपास. मेट्रिक आणि युनिफाइडचा आट्याचा कोन ६० अंश, व्हिटवर्थ आणि बीएसएफचा ५५. दोन-तीन फेरे कुठलाही कशातही जातो, पुढे पान्याने रेटला की बसतो, आणि टॉर्क पाना इमानदारीत टक् करतो. तो टक् आटे चिरडल्याचा असतो. ब्रिटिश युनिफाइड बोल्ट ओळखायची एक खूण आहे: डोक्यावर गोल खळगा किंवा बाजूच्या सपाटीवर एकमेकांना लागून कोरलेली वर्तुळं. अमेरिकन बोल्टच्या डोक्यावर तीन रेघा असतील तर ग्रेड ५, सहा असतील तर ग्रेड ८.

नवे बोल्ट घेताना डोक्यावर दोन गोष्टी बघा: ८.८ किंवा १०.९ हा आकडा, आणि बनवणाऱ्याची खूण. मानकाप्रमाणे दोन्ही लागतात. नुसता ८.८ आहे आणि खूण नाही, तो बोल्ट मडगार्डला लावा. आणि कृपा करून चकचकीत दिसतात म्हणून सगळीकडे स्टेनलेसचे बोल्ट लावू नका. दुकानात मिळणारा ए२-७० हा ८.८ पेक्षा कमजोर, शिवाय त्याचे आटे आवळताना एकमेकांत चिकटतात. शोमध्ये बॉनेट उघडल्यावर छान दिसतं, मान्य. दिसण्यापुरतं लावायचं तर कार्ब्युरेटरच्या फिल्टरला लावा. स्टिअरिंग, ब्रेक, सस्पेन्शन यांच्या जवळ नको. कनेक्टिंग रॉडचे बोल्ट मात्र मी जुने कधीच परत लावत नाही, मग ते कितीही चांगले दिसोत.

बरेच जण विचारतात, उघडतानाच टॉर्क मोजून लिहून ठेवला तर? नका करू. इतक्या वर्षांचा गंज, दबलेलं गॅस्केट, वाळलेला रंग, या सगळ्याचा तो आकडा असतो. शिवाय शेवटचा कुणी आवळला होता तेही माहीत नसतं.

तुमच्या मिस्त्रींबद्दल. त्यांच्या हाताला खरंच कळतं, मी चेष्टा करत नाही. पान्याची लांबी मापाप्रमाणे वाढत जाते ती त्यासाठीच, आणि चेंबरचे (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्याचे) किंवा टायमिंग कव्हरचे बोल्ट ते डोळे मिटून बरोबर आवळतील. पण त्यांचा हात जे ओळखतो तेही टॉर्कच, ताण नव्हे, आणि हेडवर तर सगळ्यांना सारखा ताण लागतो. उकिडवं बसून जवळचा बोल्ट आवळणं आणि बंपरवर वाकून फायरवॉलजवळचा आवळणं यात हात एकच असला तरी जोर एक नसतो. त्यांना न दुखावता दाखवायचं असेल तर असं करा: एखाद्या भंगार ब्लॉकवर त्यांना एका ओळीतले बोल्ट हाताने आवळू द्या. मग बोल्टचं डोकं आणि शेजारची जागा यांवर मिळून खडूची एक रेघ मारा, बोल्ट पाव फेरा सैल करा, आणि टॉर्क पान्याने रेघ पुन्हा जुळेपर्यंत आणून आकडा वाचा. बहुतेकदा मधले बोल्ट छान एकसारखे निघतात आणि टोकाचे वेगळे. एकदा हे बघितल्यावर मिस्त्री स्वतःहून पाना मागतात.

पाना कुठला? टक् वाजणारा चालेल, पण त्याच्या पट्टीच्या खालच्या वीस टक्क्यांत तो वापरू नका. म्हणजे २०० न्यूटन-मीटरच्या पान्याने १५ चा बोल्ट आवळायचा नाही. छोटा पाना वेगळा लागतो. काम झालं की स्प्रिंग सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवायची. मानकाप्रमाणे या पान्याला अधिक-उणे ४ टक्के चूक माफ असते आणि दर वर्षी किंवा ५,००० वेळा वापरल्यावर तो तपासून घ्यायचा असतो. भोसरी-चिंचवड भागात मान्यताप्राप्त कॅलिब्रेशन लॅब आहेत, पाना देऊन सर्टिफिकेट घेऊन येता येतं. घरच्या घरी अंदाज घ्यायचा तर पान्याचं चौकोनी टोक व्हाइसमध्ये पकडा, दांडा आडवा ठेवा, आणि चौकोनाच्या मध्यापासून बरोबर ४० सेंटिमीटरवर १० किलो वजन टांगा. ते ४ किलोग्रॅम-मीटर, म्हणजे ३९ न्यूटन-मीटर झाले. त्यात पान्याच्या स्वतःच्या वजनाचे एक-दोन मिळवा. पाना ३८ वर लावला तर टक् व्हायला हवा, ४४ वर लावला तर होता कामा नये. दोन्हीकडे तसं झालं नाही तर लॅब गाठा.

पान्याच्या टोकाला लांबी वाढवणारा जोड लावलात तर आकडा कमी करावा लागतो. दांडा ४० सेंटिमीटरचा आणि जोड त्याच रेषेत ५ चा असेल, तर ६० न्यूटन-मीटरसाठी पाना ६० × ४० ÷ ४५, म्हणजे ५३ वर लावा. जोड काटकोनात असेल तर काही बदलायची गरज नाही. सॉकेटखालची उभी एक्स्टेन्शन यात येत नाही.

कॉटर पिनवाल्या (नट फिरू नये म्हणून भोकातून पिन घालतात त्या) नटांना पुस्तकातला टॉर्क दिल्यावर भोक जुळलं नाही, तर नट पुढे आवळून भोक जुळवायचं, मागे घेऊन कधीच नाही. याला अपवाद पुढच्या चाकाच्या बेअरिंगचा नट. तिथे आवळून परत सैल करायचीच पद्धत आहे आणि ती पुस्तकातच दिलेली असते.

आता हेड. ब्लॉकमधली भोकं थिनर आणि हवेने कोरडी करा. बंद भोकात तेल साचलं असेल तर बोल्ट ते दाबतो आणि ब्लॉकला तडा जातो. आटे साफ करायला कापणारा टॅप वापरू नका, तो दर वेळी थोडं लोखंड खातो. फक्त साफ करणारा चेझर मिळतो, किंवा जुन्या चांगल्या बोल्टला उभी खाच पाडून तोच फिरवा. वॉशर मूळचे, कडक आणि सपाट. मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला जायचं, पुस्तकातल्या क्रमाने, तीन टप्प्यांत: आधी निम्मा, मग तीन-चतुर्थांश, मग पूर्ण टॉर्क. शेवटचा झटका न देता एकसारखं ओढायचं. टक् झाला की थांबायचं. 'अजून एकदा' म्हणून दुसरा टक् घेतला की जास्तीच आवळलं जातं.

इंजिन चालू करून चांगलं गरम होऊ द्या, मग रात्रभर थंड होऊ द्या. जुन्या पद्धतीचं गॅस्केट पहिल्या गरमाईत बसतं, त्यामुळे हेड पुन्हा आवळावं लागतं. ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, म्हणून पुस्तकात स्पष्ट 'गरम' लिहिलं नसेल तर हे थंड इंजिनावरच करायचं. त्याच क्रमाने, एका वेळी एकच, पाव फेरा सैल करून परत पूर्ण टॉर्कला आणायचा. नुसता पुढे ढकलून बघितलं तर चिकटलेल्या आट्यांमुळे पाना आधीच टक् करतो. हे झालं की टॅपेटचे गॅप पुन्हा घ्या, कारण हेड खाली बसलं की ते बदलतात. शे-पाचशे किलोमीटर चालवून रेडिएटरचं पाणी आणि गेजच्या काडीवरचं तेल बघा. तेल दुधासारखं झालेलं नसेल आणि पाणी उतरलेलं नसेल, तर मेन बेअरिंगच्या तक्त्याचे फोटो पाठवा. खालची बाजू उघडायचीच असेल तर पुढचं तिथून बोलू.